भरवणे आणि मोजणे

गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणारी गाडी वैनगंगेकाठच्या वडशास थांबते. देसाईगंज हे त्याचेच दुसरे नाव. येथून पूर्वेस कुरखेडा, कोरचीकडील अरण्ये सुरू होतात. भाताच्या लावणीत तिकडची आई दिवसभर चिखलात उभी असते आणि मूल आजीपाशी किंवा थोरल्या बहिणीपाशी राहते. लहान मुलास वरचेवर थोडेथोडे भरवावे लागते. तो भरवणारा हात नेमका त्याच दिवसांत घरी नसतो.

तीव्र कुपोषण ओळखण्याचे साधन साधे आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, की धोका समजावा. पायांवर सूज असेल किंवा मूल अन्नच घेत नसेल, तर त्यास रुग्णालयात नेलेच पाहिजे. इतरांवर गावातच उपचार करता येतात, असे जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ प्रभृतींनी २००७ साली जाहीर केले. आपल्याकडील ग्राम बालविकास केंद्रे याच विचाराची.

परंतु भरवावे काय? दिल्ली, राजस्थान व तामिळनाडू येथील, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत देशी बनावटीच्या तयार उपचारी आहाराने ५६.९ टक्के मुले सोळा आठवड्यांत सुधारली; घरी रांधलेल्या सकस आहाराने ४२.८ टक्के. म्हणजे सर्वांत चांगल्या उपायानेही शंभरांतील त्रेचाळीस मुले राहिलीच! कोरचीच्या रानात, जेथे हिवतापाचीही भर पडते, तेथे काय आकडा येईल, हे दिल्लीचा तराजू कसा सांगणार?

खेड्यात असले संशोधन होईल काय, अशी शंका घेणाऱ्यांनी याच जिल्ह्याकडे पाहावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्यास शिकविले, आणि नेहमीच्याच सेवा असलेल्या ४७ गावांतील जन्ममृत्यूही मोजले. तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांत हजारी २५.५ नवजात बालके दगावली, दुसऱ्यांत ५९.६. हा वृत्तान्त १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि २०११ साली भारत सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्तींकरवी देशभर नेण्याचे ठरविले. त्या ४७ गावांचा खर्च अनाठायी म्हणून कापला असता, तर सिद्ध काय झाले असते?

दाते आहाराच्या पाकिटांस आनंदाने पैसा देतात. केंद्रातून घरी गेलेल्या मुलाचा दंड सहा महिन्यांनी पुन्हा मोजावयास जाणाऱ्या बाईचे मानधन, तिची सायकल, तिची वही, येथे मात्र हात आखडतो. हा खर्च आहाराच्या खर्चातच धरला पाहिजे, आणि तोही निदान तीन पावसाळे पुरेल इतका. कारण एका वर्षाच्या अनुदानात लावणीचा हंगाम एकदाच येतो.