गुकुराहुंडी : पाऊस की हत्याकांड?

शोना भाषेत ‘गुकुराहुंडी’ म्हणजे मुख्य पावसाळ्याआधी येऊन भुसा वाहून नेणारा पाऊस. झिम्बाब्वेविषयी मी वाचू लागलो ते पदवीसाठी नव्हे, कुतूहलापोटी. पण या शब्दापाशी अडलो. तिथल्या एका हत्याकांडालाही हेच नाव आहे.

देश एप्रिल १९८०मध्ये स्वतंत्र झाला. जानेवारी १९८३मध्ये पंतप्रधान रॉबर्ट मुगाबे यांची पाचवी ब्रिगेड मॅटाबेलेलँडमध्ये उतरली. सैनिक मुख्यतः शोनाभाषक, प्रशिक्षक उत्तर कोरियाचे, आणि ब्रिगेडचे नाव ‘गुकुराहुंडी’. बंडखोरांचा बंदोबस्त हे कारण सांगितले गेले. मारले गेले ते बहुतांशी एन्डेबेलेभाषक गावकरी. मृतांचा अंदाज वीस हजारांपर्यंत जातो.

हे दोन जमातींचे जुने वैर, असे मीही आधी समजत होतो. पण ज्या ‘झापू’ पक्षाला नमवायचे होते, त्याचे नेते जोशुआ न्कोमो कलांगा होते. आणि त्यांचे कट्टर विरोधक, मुगाबेंचे मंत्री एनोस न्काला, स्वतः एन्डेबेले. भांडण सत्तेचे होते. बळी मात्र भाषा पाहून निवडले गेले.

डिसेंबर १९८७च्या करारानंतर झापू सत्ताधारी पक्षात विलीन झाला. हत्या थांबल्या, न्याय झाला नाही. मृत्यूची नोंदच नसल्याने अनेक मुलांना आईवडिलांचे मृत्यूदाखले मिळाले नाहीत; त्यापायी स्वतःचे जन्मदाखलेही अडले.

पाऊस कोणी पाडत नाही. माणसे मात्र कोणीतरी मारलेली असतात. त्या नावाने नेमके हेच झाकले जाते.