सर्व्हरला हात लावण्याआधी

खरिपाच्या तोंडावर जालन्यातल्या बियाणे कंपन्यांत डीलरांची बिलं निघत असतात. समजा, अशा एका कार्यालयाचा हिशेब, लॉटचे चाचणी अहवाल, ट्रकच्या नोंदी एकाच लिनक्स सर्व्हरवर आहेत आणि कुणाला कुठला फोल्डर दिसावा हे भर दुपारी बदलायचं आहे. विंडोजच्या संगणकांशी असा सर्व्हर बहुधा सांबा या सॉफ्टवेअरच्या मदतीने बोलतो. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात, कॅनबेरात त्याची सुरुवात केली.

सांबाचा कारभार कमांडवर चालतो. मोबाइलच्या अशक्त रेंजवरही दुसऱ्या गावातून टाइप करता येतात, म्हणून त्या टिकून आहेत. त्यातली 'नेट' ही कमांड मुद्दाम विंडोज आणि डॉसमधल्या 'नेट'सारखी घडवली आहे. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. ऑपरेटरचा हात आधीच ज्याला सरावला आहे तेच त्याला दिलं.

फाइलमधली सेटिंग सर्व्हरवर आणणारं 'नेट कॉन्फ इम्पोर्ट' तर नमुना म्हणून शिकवावं असं आहे. नव्या फाइलमध्ये ज्या शेअरचा, म्हणजे वाटून दिलेल्या फोल्डरचा, उल्लेखच नाही, त्याला ते हात लावत नाही. तो काढायचा तर वेगळी कमांड द्यावी लागते. मागे 'टी' हा पर्याय जोडला, तर काहीही न बदलता परिणाम काय होईल तो छापून दाखवतं.

सांबाच्याच 'एसएमबीकंट्रोल' या कमांडकडे ही काळजी दिसत नाही. सेटिंग पुन्हा वाचायला लावली तरी आधीपासून जोडलेल्या माणसांना ती लागू होत नाही, म्हणून 'क्लोज-शेअर' आहे: शेअरचं नाव द्या, त्यावरची माणसं तुटतात. नावाच्या जागी फुली, म्हणजे तारका, टाकली की सगळेच शेअर बंद. हिशेबाचा, गोदामाचा, प्रयोगशाळेचा, सगळा.

कोण जोडलेलं आहे, कुठली फाइल उघडी आहे, हे 'एसएमबीस्टेटस' उत्तम सांगतं. माहिती आहे, कृती आहे, पण त्या दोन वेगळ्या कमांड आहेत आणि त्यांचा क्रम घाईतल्या माणसाने लक्षात ठेवायचा आहे. नवं साधन घडवणाऱ्याने ही यादी तोडण्याच्या कमांडमध्येच आणावी: इतकी माणसं, इतक्या उघड्या फाइली, मग होकार. रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी हा प्रश्न गाळणारा पर्याय हवाच, पण तो पूर्ण शब्दात लिहायला लावावा, एका चिन्हात नको.