चिखलदऱ्याला जावे, पण निवांत

वऱ्हाडात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की घरोघरी चिखलदऱ्याचा विषय निघतो. पावसाळ्यात धबधबे पाहायला आणि हिवाळ्यात थंडी अनुभवायलाही लोक वर जातात. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडलेले हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. खाली कापूस पिकतो, वर कॉफी! इतकी वेगळी हवा आपल्या दाराशी असणे हे वऱ्हाडकरांचे भाग्यच म्हणायचे.

पण आपण तिथे जातो कसे? पहाटे चारला उठायचे, गाडीत दहा माणसे कोंबायची, आणि एका दिवसात देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, हरिकेन पॉइंट आणि गाविलगडचा किल्ला 'उरकून' रात्री परत. दुसऱ्या दिवशी कोणाची कंबर धरलेली, कोणाचे डोके चढलेले, कोणाचे पोट बिघडलेले. याला विश्रांती कशी म्हणावी?

विश्रांती हेही औषधच आहे. अमेरिकेत हृदयविकाराचा धोका असलेल्या १२ हजारांहून अधिक पुरुषांची नऊ वर्षे पाहणी झाली. २००० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे दरवर्षी नेमाने सुटी घेत होते, त्यांच्यात मृत्यूचे, विशेषतः हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. सुटीमुळेच ते वाचले असे यावरून सिद्ध होत नाही, कारण मुळात धडधाकट माणूसच जास्त हिंडतो. तरीही चार दिवस कामाचा घोर बाजूला ठेवला की झोप सुधारते आणि मन हलके होते, हा अनुभव सर्वांचाच आहे. मात्र त्यासाठी सुटी खरोखर सुटीसारखी घालवली पाहिजे.

घाट का लागतो?

"डॉक्टरसाहेब, जायचं त लय मन हाये, पण मले घाटात ओकारी येते," हे वाक्य आमच्या दवाखान्यात नेहमी ऐकू येते. परतवाड्याहून वर जाताना वळणांवर वळणे येतात. आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा असते. गाडी वळते, उसळते, ते तिला कळते. डोळे मात्र गाडीच्या आतल्या स्थिर सीटकडे किंवा हातातल्या मोबाईलकडे लागलेले असतात. कान सांगतो 'आपण हलतो आहोत', डोळे सांगतात 'बसून आहोत'. या परस्परविरोधी निरोपांनी मेंदू गोंधळतो. मग तोंडाला पाणी सुटते, घाम फुटतो, मळमळते आणि उलटी होते.

कोकणात लाँचमध्ये 'बोट लागते' ती हीच तक्रार. मळमळीला इंग्रजीत 'नॉशिया' म्हणतात; तो शब्द ग्रीक भाषेतील जहाज या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. बेटांमधून गलबते हाकणाऱ्या ग्रीकांनाही हा त्रास चांगलाच ठाऊक होता! चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे 'बीगल' जहाजावर हिंडला. त्याचाही हा त्रास पुरता गेला नाही. तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो अधिक होतो. गाडी चालवणाऱ्याला सहसा होत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच दिसलेले असते.

उपायही यातच आहे. ज्याला घाट लागतो त्याला पुढच्या सीटवर बसवा. नजर दूरच्या डोंगरावर किंवा रस्त्यावर ठेवावी. वाचन आणि मोबाईल बंद. खिडकी थोडी उघडी ठेवा. निघताना पोट रिकामे नको आणि तुडुंबही नको. पोहे-भाकरीसारखे हलके खावे, तळलेले टाळावे. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते. ड्रायव्हरला गाडी सावकाश घ्यायला सांगा आणि वाटेत एकदा उतरून पाय मोकळे करा.

प्रोमेथाझिन किंवा मेक्लिझिनसारख्या गोळ्या निघण्यापूर्वी एक-दोन तास घेतल्या तर उपयोगी पडतात. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा बाहेरच येते. या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत आणि त्यांच्यासोबत दारू तर मुळीच नको. दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये.

चढताना कानात दडे बसतात. घोट गिळला, जांभई दिली की ते सुटतात. तान्ह्या बाळाला चढ-उतारात अंगावर पाजावे.

बीपी, साखर आणि दमा

"इतक्या उंचीवर बीपीवाल्याने जावे का?" असे अनेकजण विचारतात. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे चिखलदऱ्याच्या उंचीची भीती नको. बीपी ताब्यात असेल तर खुशाल जावे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खरा धोका आहे तो घरी विसरलेल्या गोळ्यांचा. "दोन दिवसांनी काय होते?" असे म्हणून बीपीची किंवा फिटची गोळी बंद करू नका. गोळ्या डिकीतल्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत सोडून जाऊ नका.

मधुमेहाच्या रुग्णाने आणखी एक ध्यानात घ्यावे. तिथे चालणे वाढते, जेवणाला उशीर होतो आणि साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, भूक, बावचळल्यासारखे बोलणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी लगेच साखर किंवा गूळ खायला द्या, म्हणून खिशात साखरेची पुडी असू द्या. आणि वर मिळणारी रबडी? चवीपुरता एक चमचा. "चालून जिरवतो" हा हिशेब जुळत नाही.

दमेकऱ्यांनी आपला पंप जवळ ठेवावा. धुके आणि थंडीत नाका-तोंडावर मफलर घेतला की श्वासावाटे जाणारी हवा थोडी उबदार होते. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणे मात्र जिवावर बेतू शकते. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्याला काही कळत नाही.

परतल्यावर ताप आला तर

हा भाग कापून ठेवण्यासारखा आहे. मेळघाटात हिवताप आहे. शिवाय गवता-झुडपांतील बारीक किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. २०१८ साली नागपूर भागात त्याने बळी घेतले. हे आजार परतल्यावर आठ-पंधरा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनीही डोके वर काढतात. तोवर सहलीची आठवणही मागे पडलेली असते.

थंडी वाजून ताप आला, डोके फार दुखू लागले तर दुकानातून गोळी आणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना आपणहून सांगा, "मी मेळघाटात जाऊन आलो." काख, जांघ, कंबर तपासा. विडीचा चटका बसल्यासारखी न दुखणारी काळी खपली दिसली तर दाखवा. वेळेवर निदान झाले तर दोन्ही आजार साध्या औषधांनी बरे होतात. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि मेंदूवर जातात. जंगलात पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गवतावर लोळू नका, मच्छरदाणी वापरा.

शेवटी एक प्रिस्क्रिप्शन, फुकटचे. दोन रात्री तरी मुक्काम करा. रोज एकच पॉइंट पाहा. दुपारी झोप काढा, संध्याकाळी शक्कर तलावाकाठी नुसते बसा. नावेत बसलात तर जाकीट घाला. मुलांशी आणि म्हाताऱ्यांशी गप्पा करा. राहिलेले पॉइंट कुठे पळून जात नाहीत. ते पुढच्या वर्षी पाहता येतील.