आशाताईंची विचारपूस कोण करणार?



कोरोनाचे दिवस आठवतात ना? सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली आणि आशाताई दारोदार फिरून ताप, ऑक्सिजन मोजू लागल्या. काही घरांनी दार लावून घेतले, काहींनी 'तूच रोग आणशील' म्हणून हिणवले. घरी परतल्यावर लेकराला जवळ घ्यायचीही धास्ती. या कामाला केंद्राचा जादा भत्ता महिना १००० रुपये. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना संपावर जावे लागले.

विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ मध्ये 'प्रेरणा' प्रकल्प सुरू झाला. त्यात शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस याच आशाताईंनी केली. "दादा, झोप लागते का?" असं विचारणाऱ्या बाईला तेच कोण विचारणार?

साथ सरली तरी मनातली भीती लगेच सरत नाही. झोप उडणे, छातीत धडधडणे, चिडचिड, अन्नावरची वासना जाणे असे दोन आठवड्यांहून जास्त चालले तर डॉक्टरांना दाखवावे. टेलि-मानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.

सरपंच, ग्रामसेवकांनी एवढे जरूर करावे :
१) हा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा.
२) साथीत आशाताईंबरोबर एक गावकरी द्यावा.
३) कोणी अपमान केला, तर ग्रामसभेने ताईंच्या बाजूने उभे राहावे.

याला खर्च काहीच नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्याच.