फॉर्मॅट केलं, पण पुसलं का?
जुना कॉम्प्युटर विकताना हार्ड डिस्क फॉर्मॅट करून विंडोज नव्याने टाकली, की सगळं पुसलं गेलं असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. विंडोज टाकताना होतं ते ‘क्विक फॉर्मॅट’. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी आणि पानं तशीच राहावीत, तसा हा प्रकार. म्हणूनच तो काही सेकंदांत उरकतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो, बँकेची कागदपत्रं रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत काढता येतात. खरंच पुसायचं असेल, तर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, ‘क्विक’समोरची खूण काढा आणि मग फॉर्मॅट करा. व्हिस्टापासूनच्या (२००७) विंडोज अशा वेळी डिस्कभर शून्यं लिहितात. एक्सपी फक्त खराब सेक्टर तपासायची. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात. तेवढा वेळ द्याच, पण आधी बॅकअप घ्या.