कडेवर वाचायचं लाकूड

पुण्याच्या भवानी पेठेतलं टिंबर मार्केट असो की मुंबईचा रे रोड, प्लायवूड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक शीटच्या तोंडावरून हात फिरवतं. सोबत आलेला जाणता सुतार मात्र उकिडवा बसून कड बघतो. थर किती आहेत, मध्ये कुठे पोकळी राहिली आहे का, एक थर दुसऱ्यावर चढला आहे का, डिंकाची रेघ कशी दिसते, हे सगळं त्याला तिथे कळतं. तोंडावरचा पापुद्रा जेमतेम अर्धा मिलिमीटरचा, कधी त्याहूनही पातळ. पुढची वीस वर्षं कपाट कसं वागणार, हे त्या पापुद्र्याखाली ठरलेलं असतं.

हे बोर्ड जन्माला आले ते लाकडाच्या एका जुन्या खोडीमुळे. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, उन्हाळ्यात तो सोडतं आणि आक्रसतं. पण हा बदल जवळजवळ सगळा रुंदीत होतो, लांबीत नगण्य. पावसाळ्यात दार चौकटीला घासतं ते त्यामुळेच. जुन्या सुतारांनी फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवून तिला हलायला जागा दिली. प्लायवूडने दुसरी वाट धरली. लाकडाचे पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवायचे, म्हणजे एका थराच्या रुंदीचं फुगणं शेजारच्या थराची लांबी रोखून धरते. थर विषमच घ्यायचे, म्हणजे मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखं बळ राहतं. हा तोल इतका नाजूक असतो की बोर्डाच्या एकाच बाजूला सनमाइका लावला तर पुढे दार वाकतं. आतल्या बाजूलाही पातळ सनमाइका, म्हणजे लायनर, लावण्याचा आग्रह सुतार धरतो तो त्यासाठी. तिथे पैसे वाचवू नयेत.

हे पातळ थर काढतात कसे? ओंडका वाफेने किंवा गरम पाण्याने मऊ करून लेथवर फिरवतात आणि लांबलचक पातं त्याला लावतात. कागदाची गुंडाळी उलगडावी तसं लाकूड उलगडत जातं. ते वाळवायचं, डिंक लावून थर रचायचे आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबायचे. खरी गोष्ट डिंकाची. युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक स्वस्त आणि फिकट. तो दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. एमआर, म्हणजे ओलावा सोसणारा प्लाय साधारणपणे याच डिंकाचा. फिनॉल फॉर्मल्डिहाइड गडद तांबूस, आणि त्याला पाणी उलगडू शकत नाही. आयएस ७१० या मानकाच्या मरीन प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात, तरी थर सुटता कामा नयेत. ओट्याखाली, सिंकखाली, कोकणातल्या घरात हाच प्लाय हवा. मात्र नुसत्या लाल रंगावर भुलू नये, कारण रंग डिंकात मिसळताही येतो.

भारतात या उद्योगाचं मोठं केंद्र एके काळी आसाम होतं. चहाची पेटी प्लायवूडची असे आणि होलोंगसारखे उंच, सरळ वृक्ष तिथल्या रानात होते. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टी. एन. गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीला लगाम घालणारा अंतरिम आदेश दिला. ईशान्येकडून लाकूड बाहेर नेणं थांबलं आणि अरुणाचलातल्या कित्येक विनियर व प्लायवूड गिरण्या बंद झाल्या. तिथल्या कामगारांचे हाल झाले, हे विसरून चालणार नाही. पण उद्योगाचा भार रानावरून शेतावर सरकायला या आदेशाने मोठा हातभार लावला. हरियाणातलं यमुनानगर पॉप्लर आणि निलगिरीवर उभं आहे. पॉप्लरची पानं थंडीत झडतात, त्यामुळे झाडांच्या ओळींमधल्या गव्हाला ऊन मिळतं, आणि सहा-आठ वर्षांत झाड तोडणीला येतं. केरळातल्या पेरुंबावूरने चीक आटलेल्या रबराच्या झाडांना दुसरं आयुष्य दिलं. वरच्या थरासाठी मात्र आपण परदेशाकडे बघत राहिलो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा तिथल्या गर्जन लाकडावर पोसलेल्या बाजाराला नवी लाकडं शोधावी लागली.

प्लायची भावंडंही आहेत. ब्लॉकबोर्डच्या पोटात लाकडी पट्ट्या असतात; तो हलका आणि ताठ, म्हणून कपाटाच्या उंच दारांना उत्तम. एमडीएफमध्ये लाकडाचे तंतू सुटे करून पुन्हा दाबलेले असतात. त्याला रेषा नाही, त्यामुळे नक्षी कोणत्याही दिशेने कोरा, कड सुबक निघते आणि रंग सुरेख बसतो. पण अठरा मिलिमीटरची आठ बाय चारची शीट चाळीस किलोच्या आसपास भरते, आणि साध्या एमडीएफची उघडी कड पाणी ओढून फुगली की पुन्हा पूर्ववत होत नाही. पार्टिकल बोर्ड भुशा-चुऱ्याचा. त्याच्या कडेत मारलेला स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की फिरू लागतो.

इथे मला बोर्डाची बाजू घ्यायची आहे. त्याला ‘नकली लाकूड’ म्हणून हिणवतात, पण त्याच्यावर अन्याय होतो तो त्याच्याकडून सागवानाची कामं करून घेतल्यामुळे. जुन्या पद्धतीची खाच-कूस त्याला मानवत नाही. म्हणून युरोपात बोर्डासाठी निराळी बांधणीच घडली: कडेपासून ३७ मिलिमीटर आत, ३२ मिलिमीटरच्या अंतराने, पाच मिलिमीटरची भोकं. कपाटाच्या आतल्या बाजूला भोकांची उभी रांग दिसते ती हीच; फळी, बिजागरी, ड्रॉवरची पट्टी सगळं तिच्या हिशेबात बसतं. पुस्तकांच्या फळीचाही असाच हिशेब आहे. आधारांमधलं अंतर दुप्पट करून फळी पुस्तकांनी भरली, तर बाक सोळापट वाढतो. जाडी दुप्पट केली तर तो आठपट घटतो. म्हणून फळी दोन-अडीच फुटांवर आधार देऊन करावी आणि प्लाय कापताना वरच्या थराची रेषा फळीच्या लांबीकडे ठेवावी. कटाईत शीट वाचवायला ती आडवी कापली, तर तोच प्लाय दुबळा ठरतो.

पदार्थाचं म्हणणं ऐकून केलेल्या रचनेचं माझं आवडतं उदाहरण चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्याचं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी नौदलासाठी जखमी पायाला आधार देणारी प्लायवूडची खपची बनवली. प्लाय दोन दिशांना एकदम वाकवला की तडकतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. खपचीत ठिकठिकाणी फटी ठेवून त्यांनी तो ताण मोकळा केला. खुर्ची करतानाही त्यांना बैठक आणि पाठ एकसंध हवी होती. प्लायने नकार दिला. मग त्यांनी दोन्ही वेगळ्या केल्या आणि त्यातून १९४६ साली बाजारात आलेली त्यांची प्रसिद्ध खुर्ची घडली. तिची कड झाकलेली नाही, थर उघडे दिसतात. पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून याच दोघांनी १९५८ साली डिझाइनविषयी अहवाल लिहिला आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

एक काळजी मात्र मनापासून सांगायला हवी. नव्या फर्निचरचा डोळे चुरचुरवणारा वास फॉर्मल्डिहाइडचा असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणारं द्रव्य ठरवलं. लहान मुलांच्या खोलीसाठी बोर्ड घेताना ई-वन किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा मागावा, कापलेली प्रत्येक कड एजबँडने बंद करून घ्यावी, आणि सुरुवातीचे काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर आपल्याकडे झाड न तोडता बोर्ड करण्याचा कच्चा माल दर हंगामात ढिगांनी निघतो. उसाच्या चिपाडापासून पार्टिकल बोर्ड करता येतो आणि सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरला तो करणारा कारखानाही उभा राहिला. पण साखर कारखान्यांच्या बॉयलरला तेच चिपाड लागतं, आणि सहवीजनिर्मितीमुळे त्याला भावही चढा मिळतो. कोरड्या जागेतल्या शाळा, वाचनालयं आणि सरकारी कार्यालयांच्या फर्निचर खरेदीत या बोर्डाला हक्काची जागा मिळाली, तर ऊसपट्ट्यात असा आणखी एखादा कारखाना काढायला कुणाला तरी धीर येईल.