सेफ्टी व्हॉल्व्हची नोंद एकटी नको

वाशीम सोयाबीनचा जिल्हा. सोयाबीनचे तेल हेक्झेनने काढतात. या कामाला वाफ लागते, आणि वाफ आली की दाब वाढल्यास उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आलाच. जोखीमाधारित तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो ज्या टाकीला वाचवतो तिच्याशी जोडूनच नोंदवावा, कारण तो उघडला नाही तर फुटणार ती टाकी. अशा तपासणीच्या एपीआय ५८१ पद्धतीत व्हॉल्व्हचे बिघाड दोन: ऐनवेळी न उघडणे आणि गळणे. पहिला जास्त घातक.

ठरल्या मुदतीत तपासणी होतेच, मग नोंदीची ही उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. पण व्हॉल्व्ह साफ करून मग चाचणी घेतली, तर तो आत अडकला होता का, हे कळतच नाही. म्हणून काढल्याबरोबर, साफ न करता चाचणी घ्या आणि तो किती दाबाला उघडला तो आकडा आधी नोंदवा.